डोंगर जागा होताना सांगून होतो का?

(मंडळाच्या वासंतिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित काटछाट करून)



श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर दगडांवरचं भाषण ठेवायचं धाडस आपली कार्यकारिणीच करू जाणे! कुणाचे डोळे मिटले तर मी राग मानणार नाही. घोरणाऱ्यांनी मात्र कृपया मागच्या रांगेत बसावं, तिथे खुर्च्याही जरा बऱ्या आहेत.

या भाषणाचं मूळ एका सत्यनारायणात आहे. आपल्यातल्याच एका जोडप्यानं पोर्टलंडच्या पूर्वेला घर घेतलं. मागच्या डेकवरून माउंट हूड असा समोर दिसतो, की कॅलेंडरवरचं चित्रच लावून ठेवलंय असं वाटावं. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की हे गृहस्थ दगडातले आहेत. आजी म्हणाल्या, "हा डोंगर म्हणे ज्वालामुखी आहे आणि झोपलेला आहे. झोपू दे बापडा. पण जागा होताना सांगून होईल ना?"

मी तीस वर्षं खडकांचे काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवली. आजींनी एका वाक्यात विचारलं तेच आम्ही लांबलचक निबंधांतून विचारत असतो. त्या दिवशी मी "हो आजी, सांगून होतो, काळजी करू नका" असं म्हणून शिऱ्याची वाटी हातात घेतली. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ज्वालामुखीचे स्फटिक म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना अजिंठ्याच्या पायथ्याशी विकायला असतात ते पांढरे, गुलाबी, हिरवट चमचमते दगड आठवतात. माझ्याकडेही आहेत, घासाघीस करून घेतलेले. पण ते झिओलाइट आणि त्यांची भावंडं. लाव्हा थंड झाल्यावर त्यात बुडबुड्यांची जी पोकळी उरते, तिच्यात पुढे कधीतरी पाणी झिरपून ते तयार झाले. घर बांधून झाल्यावर आलेले भाडेकरू म्हणा! घर बांधलं जात असताना काय घडलं हे त्यांना विचारून उपयोग नाही. आपल्याला हवे आहेत ते शिलारसातच, जमिनीखाली, उद्रेकाच्या आधी वाढलेले स्फटिक. तेही आपल्या सह्याद्रीत आहेत बरं का. थळ घाटाच्या परिसरात आणि मंचरकडे बेसाल्टचे असे थर आहेत, की काळ्या खडकात बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून मोठे, पांढरट चपटे स्फटिक विखुरलेले दिसतात. ते प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे. आयआयटी मुंबईचे चंद्रशेखरम आणि कॅनडातले हिगिन्स या दोघांनी 2007 साली त्यांच्या आकारांची मोजदाद करून असा अंदाज मांडला, की ते वाढायला पाचशे ते दीड हजार वर्षं लागली असावीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली कुठेतरी शिलारस शतकानुशतकं मुरत पडला होता आणि मग एके दिवशी वर आला, हे आज त्या दगडात वाचता येतं. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना आपण खिडकीतून धबधबे बघतो, दगडाकडे कोण बघतो? पुढच्या खेपेला बघा.

आता हे वाचायचं कसं? गृहिणींना मी नवीन काही सांगत नाही. साखरेचा पाक हळूहळू, न हलवता थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच पाक परातीवर झटकन ओतला तर चिक्कीसारखा काचेचा पापुद्रा होतो, खडे धरायला वेळच मिळत नाही. शिलारसाचं तसंच. खाली मुरत असताना मोठे स्फटिक वाढतात. वर येताना घाईघाईत बारीक बारीक कण धरतात. आणि बाहेर उडाल्यावर जे उरतं ते हवेत थिजून काच होतं. म्हणजे एकाच दगडात मोठे खडे, बारीक रवा आणि काच असे तिन्ही प्रकार दिसले, की प्रवासाचे तीन टप्पे हातात आले.

याहून गंमत पुढे आहे. आम्ही दगडाचा इतका पातळ काप करतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या तीन शतांश भरते आणि उजेड आरपार जातो. असा काप भिंगाखाली ठेवला, की प्लॅजिओक्लेजच्या एकेका स्फटिकात झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मध्ये एक गाभा, भोवती एकावर एक कडी. झाडाचं वलय वर्षाचा हिशेब देतं, हे वलय परिस्थितीचा हिशेब देतं. शिलारस गरम असताना, त्यात पाणी जास्त असताना वाढलेल्या थरात कॅल्शियम जास्त असतं. तो थंड होऊ लागला, की सोडियम वाढतं. एखाद्या वलयाची कड कुरतडल्यासारखी गोलसर दिसते आणि तिच्यावर पुन्हा नवा, कॅल्शियमवाला थर चढलेला असतो. याचा अर्थ असा, की मधेच कधीतरी खालून ताजा, जास्त गरम शिलारस आत घुसला, जुना स्फटिक थोडा विरघळला आणि मग पुन्हा वाढू लागला. आणि वाढताना स्फटिकाच्या पोटात शिलारसाचे इवलेसे थेंब अडकून राहतात. दगड फुटला, वितळला, गोठला, तरी तो थेंब आत बंदिस्त. त्यात किती पाणी होतं तेही मोजता येतं. पाणी म्हणजेच स्फोटाची दारू. सोड्याच्या बाटलीत वायू दाबाखाली विरघळलेला असतो आणि बूच काढलं की फसफसून येतो, तोच प्रकार.

आता आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. माउंट सेंट हेलन्स.

इथल्या जुन्या मंडळींना 18 मे 1980 ही तारीख सांगायला नको. पण तरुण पिढीसाठी थोडक्यात सांगतो. हा डोंगर 1857 पासून गप्प होता. 1975 साली अमेरिकन भूशास्त्र खात्याच्या क्रँडेल, मुलिनो आणि रूबिन यांनी लिहून ठेवलं होतं, की हा पुन्हा उद्रेक करील आणि कदाचित शतक संपायच्या आतच. 20 मार्च 1980 ला चारच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. आठवड्याने, 27 मार्चला, शिखरातून वाफ आणि राख उडाली. मग उत्तरेची बाजू फुगू लागली. दिवसाला दीड-दोन मीटर! घरातली भिंत रोज एवढी पुढे येऊ लागली तर काय वाटेल बघा. 18 मेच्या रविवारी सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी 5.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली बाजूच घसरून पडली. नोंदवलेल्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं भूस्खलन. बूच निघालं आणि शिलारस आडवा फुटला. 57 माणसं गेली. डोंगराची उंची 2,950 मीटरवरून 2,549 झाली. यॅकिमात भर दिवसा अंधार पडला. डेव्हिड जॉन्स्टन नावाचा तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ उत्तरेच्या कड्यावर, शिखरापासून दहाएक किलोमीटरवर, मोजमापं घेत होता. तो त्यातच गेला. त्या कड्याला आज त्याचंच नाव आहे.

भूकंपमापक होते, फुगवटा रोज मोजला जात होता, वायू तपासला जात होता. तरीही त्या सकाळी वेगळा असा काहीच इशारा मिळाला नाही. जॉन्स्टनसारखा जाणता माणूस जिथे उभा होता ती जागा पुरेशी लांब आहे असं समजलं जात होतं. म्हणून पुढची चाळीस वर्षं त्या उद्रेकाचे दगड गोळा करून लोक विचारत राहिले, की आत नक्की काय चाललं होतं?

स्फटिकांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी उडालेल्या प्यूमिसच्या दगडातले, म्हणजे आपण टाचा घासायला वापरतो त्या हलक्या दगडातले, अडकलेले थेंब तपासले आणि प्रयोगशाळेत तोच शिलारस दाबाखाली पुन्हा शिजवून पाहिला. तेव्हा कळलं, की शिलारस जमिनीखाली सुमारे आठ किलोमीटरवर, साधारण नऊशे अंश सेल्सियसला मुरत पडला होता आणि त्यात वजनानं साडेचार टक्क्यांच्या आसपास पाणी विरघळलेलं होतं. शंभर किलोला साडेचार किलो. ऐकायला कमी वाटतं, पण वाफ झाल्यावर तेच पाणी डोंगर फोडतं.

मग प्रश्न आला, तिथून वर यायला वेळ किती लागला? इथे दुसरं एक खनिज कामाला येतं, अँफिबोल. काळपट, लांबुळकं. याच्या अंगातच पाणी असतं, त्यामुळे भोवतीच्या शिलारसात पाणी असेल तोवरच ते सुखी. शिलारस वर आला, दाब उतरला, पाणी निसटलं, की अँफिबोलची कड कुजायला लागते आणि भोवती बारीक कणांची काळी किनार तयार होते. जितके जास्त दिवस वाटेत, तितकी किनार जाड. रदरफर्ड आणि हिल या दोघांनी 1993 मध्ये ही किनार प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवून दाखवली. पहिले चारेक दिवस काहीच दिसत नाही. तीन आठवड्यांत जी दिसते तीही आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. आणि 18 मेच्या प्यूमिसमधले अँफिबोल? स्वच्छ, धारदार कडांचे, किनारीचा मागमूस नाही. म्हणजे खोलवरचा तो शिलारस चार दिवसांच्या आत वर पोचला होता. त्यानंतर 1986 पर्यंत विवरात लाव्हाचा घुमट थोडा थोडा वाढत राहिला. त्या लाव्हातल्या अँफिबोलना किनारी आहेत. तो रमतगमत आला. दोन महिने ज्याचा फुगवटा आपण मोजत होतो तो आधीच वर येऊन बसलेला, बारीक कणांनी घट्ट झालेला शिलारस होता. खरी दारू खालीच होती, आणि झाकण उडाल्यावर ती वर यायला महिने लागले नाहीत.

इथे जरा थांबतो, कारण पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी स्वतः थांबलो होतो. आपण सगळे फुगवट्याकडे बघत होतो, आणि ते बरोबरच होतं, पण धोक्याचा मोठा वाटा फुगवट्यात नव्हताच.

आता घड्याळ. वलयाच्या दोन थरांची सीमा सुरुवातीला सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट असते. पण स्फटिक गरम शिलारसात बसून राहिला, की अणू इकडचे तिकडे सरकतात आणि सीमा पुसट होत जाते. लाल आणि पांढरं कापड एकत्र भिजत घातलं की रंग लागतो, तसंच. किती रंग लागला यावरून कपडे किती वेळ भिजत होते ते जशी आई बरोबर ओळखते, तसं सीमा किती पुसट झाली यावरून तो थर चढल्यापासून उद्रेकापर्यंत किती दिवस गेले ते काढता येतं. दगड बाहेर पडून थंड झाला, की अणू जागच्या जागी गोठतात आणि घड्याळ त्या क्षणी बंद पडतं. बंद पडलेल्या घड्याळाचे काटे आपण नंतर निवांत वाचायचे.

सॉन्डर्स, ब्लंडी, डोमेन आणि कॅशमन या चौघांनी हे काम सेंट हेलन्सवर केलं आणि 2012 साली 'सायन्स' मासिकात छापलं. त्यांनी 1980 ते 86 च्या दगडांतले पायरॉक्सीन या खनिजाचे तीनशेहून जास्त स्फटिक तपासले. एकेका स्फटिकाच्या शेवटच्या कडेचं वय काढलं आणि त्या तारखा भूकंपाच्या नोंदींशेजारी मांडल्या. तर कडा वाढण्याचे हंगाम आणि भूकंपांचे हंगाम बऱ्याच प्रमाणात जुळले! खालच्या साठ्यात नवा शिलारस एका दमात न शिरता लाटालाटांनी शिरत होता, आणि त्यातल्या काही लाटांची थाप वर भूकंपमापकावर उमटत होती. एरवी भूकंपमापकाची रेघ हलली, तर ते शिलारसामुळे की खडक नुसताच तडकल्यामुळे हे ठरवणं कठीण असतं. इथे प्रथमच डोंगराच्या आतला साक्षीदार आणि बाहेरचा साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो, मुलांना आवडेल. वर येताना शिलारस थंड व्हायला हवा की नाही? पण 2006 मध्ये ब्लंडी, कॅशमन आणि हम्फ्रीज यांनी सेंट हेलन्स आणि रशियातल्या शिवेलुच या ज्वालामुखीच्या स्फटिकांवरून दाखवलं, की हळू येणारा शिलारस वाटेत उलट तापतो, जवळजवळ शंभर अंशांपर्यंत. कारण स्फटिक धरताना उष्णता बाहेर पडते. स्कीइंगला जाताना आपण खिशात ती जेलची पिशवी ठेवतो ना, आतली चकती टिचकली की पांढरी घट्ट होते आणि हात शेकते? अगदी तेच. म्हणजे पाणी निघून गेल्यामुळे स्फटिक धरतात, आणि स्फटिक धरल्यामुळे तापमान चढतं. दगडात "तापल्याची" खूण दिसली म्हणून खालून गरम पाहुणा आलाच असेल असं लगेच म्हणता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते.

2004 ला हाच डोंगर पुन्हा जागा झाला तेव्हा आपल्यातले बरेच जण इथे होते. 23 सप्टेंबरला बारीक भूकंप सुरू झाले आणि 1 ऑक्टोबरला पहिला स्फोट. आठच दिवस! 1980 ला पहिल्या भूकंपापासून जवळजवळ साठ दिवस मिळाले होते. आमच्या घरी तेव्हा भारतातून आई आली होती. शनिवार-रविवारी गाड्या काढून लोक जत्रेला जावं तसे डोंगर बघायला निघाले, आम्हीही निघालो. जॉन्स्टनच्या कड्यावरचं केंद्र रिकामं करून घेतलं होतं, त्यामुळे बरंच अलीकडे थांबावं लागलं. आई थर्मासमधला चहा ओतत म्हणाली, "एवढं लांबून आलो आणि हा नुसता धूर काढतोय." आमचं नशीब की तो धूरच काढत राहिला. त्या वेळचा शिलारस वायू गमावून बसलेला होता, भूपृष्ठाखाली किलोमीटरभर अंतरावरच घट्ट होऊन, टूथपेस्ट दाबावी तसा जवळजवळ घन अवस्थेत बाहेर सरकला. जानेवारी 2008 पर्यंत हे चाललं. त्यातले कण बघितले की हा निवांतपणा स्पष्ट दिसतो. पण ते बघायला दगड हातात यावा लागतो, आणि पहिल्या आठवड्यात तो आलेला नव्हता. आईला तेव्हा हे सांगितलं नाही.

आता आजींच्या डेकवरचा डोंगर.

हूडचे अलीकडचे दोन मोठे उद्रेक सुमारे दीड हजार आणि सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाले. दुसऱ्याच्या खुणा तर लेखी आहेत. 1805 च्या नोव्हेंबरात लुइस आणि क्लार्क कोलंबिया नदीनं येत होते. एका उपनदीच्या मुखाशी त्यांना वाळूच वाळू लागली, पाय रुतू लागले. त्यांनी तिला रुतत्या वाळूची नदी असं नाव दिलं. ती वाळू हूडच्या त्या उद्रेकाची. आज आपण तिला सँडी रिव्हर म्हणतो आणि उन्हाळ्यात तिथे पॉटलकला जातो.

या दोन उद्रेकांच्या दगडातले प्लॅजिओक्लेज स्फटिक केरी कूपर आणि ॲडम केंट यांनी तपासले, 2014 साली 'नेचर'मध्ये ते आलं. त्यांनी दोन वेगवेगळी घड्याळं लावली. एक किरणोत्सारी मूलद्रव्यांचं, ते स्फटिकाचं एकूण वय सांगतं. दुसरं मघाचं रंग लागण्याचं, ते फक्त गरम असतानाच चालतं. पहिल्या घड्याळानं सांगितलं, किमान एकवीस हजार वर्षं. दुसऱ्यानं सांगितलं, छे, एवढा वेळ मी चाललोच नाही! दोन्हींचा मेळ घातला तर निघतं ते असं, की या सगळ्या काळापैकी फार तर बारा टक्के, आणि बहुधा एक टक्काच, शिलारस वाहण्याइतका गरम होता. उरलेला सगळा काळ तो घट्ट, थंड पडून होता.

यासाठी मला घरातलीच उपमा सुचते. थंडीत कपाटातलं कणीदार साजूक तूप. बरणी उलटी केली तरी थेंब पडत नाही. अर्ध्याहून जास्त कणी झाली की ते वाहतच नाही, आणि शिलारसाचंही तेच, निम्म्याहून जास्त स्फटिक झाले की तो उद्रेक करूच शकत नाही. पण तीच बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. पोळ्या लाटून होईपर्यंत तूप पातळ! हूडखाली खोलातून ताजा, गरम बेसाल्टसारखा शिलारस येऊन या थिजलेल्या साठ्यात मिसळतो, तेच ते गरम पाणी. हूडच्या दगडांत हे मिश्रण डोळ्यांना दिसतं, दोन स्वभावांचे स्फटिक एकाच घरात. आणि कडांवरून असं दिसतं, की मिसळण्यापासून उद्रेकापर्यंत शतकं जात नाहीत. काही आठवडे, फार तर काही महिने.

दुसरीकडे तर याहून घाई दिसते. कोस्टा रिकातला इराझू 1963 ते 65 मध्ये उफाळला होता. त्याच्या ऑलिव्हिन स्फटिकांत निकेलचे असे थर सापडले, की जे वर येता येता पुसून जायला हवे होते. 2013 मध्ये रूप्रेख्ट आणि प्लँक यांनी हिशेब मांडला, की सुमारे 35 किलोमीटर खोलीवरून, मधे कुठे फारसा मुक्काम न करता, शिलारस काही महिन्यांत वर पोचला असावा. पण आपण आपल्या डोंगराशी राहू.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शवविच्छेदन झालं. उद्रेक झाल्यावर दगड मिळणार, मग काप, मग मोजमाप, मग निबंध. तोवर आजींचं घर कुठे? हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या क्षेत्रातले काही लोक तो ऐकून गडबडीनं विषय बदलतात. मी बदलणार नाही. स्फटिक उद्याची तारीख सांगत नाहीत. पण दोन गोष्टी करतात.

एक म्हणजे उद्रेक सुरू असतानाही त्यांना विचारता येतं. मे 2018 मध्ये हवाईत किलाउएआच्या पूर्व उतारावर लेलानी वस्तीत जमीन फाटून लाव्हा येऊ लागला. हिलोच्या विद्यापीठात ताजे नमुने तासा-दिवसांच्या हिशेबात तपासले जात होते. सुरुवातीचा लाव्हा जुना, थंडावलेला, चिकट, मागच्या कुठल्या तरी उद्रेकातून खाली उरलेला. तो हळू सरकत होता. मग नमुन्यांत जास्त गरम, पातळ शिलारसाची चिन्हं दिसू लागली आणि ती गोष्ट तिथल्या वेधशाळेला लगेच कळवण्यात आली. महिन्याच्या शेवटी आठव्या भेगेतून खरोखरच लाव्हाची नदी वाहू लागली. सातशेहून जास्त इमारती गेल्या. घरं वाचवता आली नाहीत, पण येणारा लाव्हा कसा वागेल याचा अंदाज आधी हातात होता.

दुसरं म्हणजे कुठे आणि किती बारकाईनं कान लावायचा ते ते शिकवतात. हूडची बरणी थिजलेली आहे हे आजच्या शांततेचं कारण आहे, उद्याची हमी नाही. ती पातळ व्हायला लागली, तर पहिली खूण म्हणजे अगदी बारीक भूकंप, माणसाला न जाणवणारे. आणि ते ऐकायला यंत्रं डोंगराच्या जवळ हवीत. गंमत अशी, की हूडवर नवी केंद्रं बसवायला वर्षानुवर्षं परवानगीच मिळत नव्हती, कारण तो राखीव रानाचा भाग आहे. रानाची शांतता मोडू नये हा आग्रह मला पटतो, मी स्वतः तिथे चालायला जातो. पण चार यंत्रांनी शांतता मोडते हे काही पटत नाही. शेवटी 2019 ला मंजुरी आली आणि 2020 मध्ये तीन नवी केंद्रं बसली.

तर आजींना द्यायचं पूर्ण उत्तर असं. हो आजी, सांगून होतो. पण वर्षभर आधी पत्रिका छापून नव्हे. काही महिने, कदाचित काही आठवडे, आणि 2004 सारखं झालं तर आठवडाभर. शिवाय हूडचा खरा धोका तुमच्या डेकवर लाव्हा येण्याचा नाहीच. बर्फ वितळून राख, चिखल आणि दगड यांचा लोंढा सँडीसारख्या नद्यांतून खाली येतो, तो धोका. म्हणून तुमच्या नातवाला एवढंच विचारा, की घर नदीच्या पात्रापासून किती उंचावर आहे. घर घेताना शाळा किती चांगली, फ्रीवे किती जवळ हे आपण सगळे बघतो. लोंढ्याचे नकाशे भूशास्त्र खात्यानं काढून ठेवलेले आहेत, फुकट मिळतात, आणि व्हँकुव्हरची वेधशाळा इथून नदीपलीकडेच आहे.

मी गेल्या महिन्यात तो नकाशा उघडून बघितला. त्यांचं घर टेकाडावर आहे. आजींना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "मग शिरा खायला पुन्हा या."

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला आहे. डाव्या बाजूला 18 मे 1980 च्या प्यूमिसचा काप आहे, उजव्या बाजूला नंतरच्या घुमटाचा. आधी डावीकडचा अँफिबोल बघा, कडा कशा स्वच्छ आहेत, आणि मग उजवीकडची काळी किनार शोधा. मुलांना आधी बघू द्या. आणि कृपा करून श्रीखंडाचे हात धुऊन या, काच पुसायला माझ्याकडे एकच फडकं आहे.